सोळा मीटर

मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या उजव्या नळीवरची काळी प्लास्टिकची पट्टी त्या रविवारी सकाळी सहासष्ट मिलिमीटरवर होती. मी पोलादी पट्टी लावून दोनदा मोजलं. सहासष्टच.

वायरी एकत्र बांधायला वापरतात तसली ही साधी पट्टी. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, नळी खालच्या जाड नळीत सरकते आणि त्या जाड नळीचं तोंड पट्टीला वर ढकलतं. नळी परत बाहेर येते, पट्टी मात्र तिथेच राहते. त्यामुळे नाक किती खाली गेलं होतं ते दुसऱ्या दिवशीही वाचता येतं. सपाट जमिनीवर नुसती गाडी चालवली तर पट्टी पंचावन्नच्या आसपास असते. फक्त मागच्या ब्रेकने थांबवली तर पासष्ट-सत्तर. दोन्ही ब्रेक नीट लावून थांबवली तर शंभराच्या पुढे.

त्या गाडीवर माझ्या बाबांशिवाय कुणी बसत नाही. आणि बाबा गेली चौतीस वर्षं लोकांना एकच गोष्ट शिकवत आले आहेत: गाडी पुढच्या ब्रेकने थांबते.

"काय म्हणते पट्टी?" मिस्त्रीने विचारलं. शेडच्या दारात तो त्याच गाडीचं मागचं चाक मांडीवर घेऊन बसला होता. आमच्या शाळेच्या आठही गाड्यांची दुरुस्ती तोच करतो.

"सहासष्ट."

"पट्टी कशाला पाहिजे, ताई. हे बघा." त्याने ब्रेकचे दोन शू माझ्यासमोर धरले. झिजून ते पत्र्यापर्यंत आले होते. "वर्षात तिसरी जोडी. आणि पुढचे पॅड बघाल तर काल पुडीतून काढल्यासारखे. मास्तरांनी पुढच्या ब्रेकशी अबोला धरलाय काय?"

"तू त्यांना विचारलंस?"

"मी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मीच सापडलो का? तुम्ही मुलगी आहात, तुम्ही बांधा." त्याने नवे शू बसवायला घेतले. मग मान वर न करता म्हणाला, "पण बांधा लवकर."

मी खिशातल्या छोट्या वहीत तारीख आणि सहासष्ट असं लिहिलं.

आमची मोटरसायकल शिकवणारी शाळा एका बंद पडलेल्या गोदामाच्या अंगणात भरते. काँक्रीटचं लांबच लांब अंगण, कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये फळा, खिळ्यांवर टांगलेली हेल्मेटं आणि एक टेबल. मी आठवडाभर कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. रविवारी इथे येऊन अंतरं मोजते. एक तुकडी सहा आठवड्यांची. सहाव्या रविवारी, निरोपाच्या आधी, बाबा रेषेची फेरी करतात.

अंगणाच्या एका टोकाकडे, पुढे थोडी मोकळी जागा सोडून, पांढरी रेषा आखलेली आहे. रेषेवर एक माणूस हात वर करून उभा राहतो. रेषेच्या अलीकडे सोळा मीटरवर प्लास्टिकचा केशरी कोन असतो. बाबा दुसऱ्या टोकाकडून ताशी चाळीसच्या वेगाने थेट त्या माणसाच्या दिशेने येतात. पुढचं चाक कोनापाशी आलं की माणूस हात खाली टाकतो. हात पडल्यावरच ब्रेक लावायचा, आधी नाही. गाडी माणसापासून दीड मीटरवर थांबते. रेषेवरच्या माणसाने हलायचं नाही, हा नियम.

हे धोक्याचं आहे, असं पुष्कळांनी बाबांना सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "ब्रेक आपल्यासाठी नसतो. समोरच्यासाठी असतो. समोर कुणी नसेल तर शिकणार काय, कपाळ?" आधी आई उभी राहायची, मग मी. बावीस वर्षं मी त्या रेषेवर उभी राहिले आणि बावीस वर्षं अंतर दीड मीटरच्या इकडेतिकडे राहिलं.

आठ महिन्यांपूर्वी ते चाळीस सेंटिमीटर आलं.

त्या दिवशी बाबा म्हणाले, काँक्रीटवर धूळ होती. मी मान डोलावली. पुढच्या तुकडीच्या वेळी माझा हात कोनाच्या दोन मीटर आधीच पडला. मी ठरवून टाकला नव्हता. घाबरून पडला. गाडी दीड मीटरवर थांबली, तुकडीने टाळ्या वाजवल्या, बाबांनी हेल्मेट काढून माझ्याकडे पाहिलं आणि तोंडभर हसले. त्यानंतर मी ठरवून टाकू लागले. कोनाच्या पलीकडे, रेषेपासून तेवीस मीटरवर, काँक्रीटच्या दोन लाद्यांमध्ये डांबर भरलेला सांधा आहे. आधी मी कोन आणि सांधा यांच्या मध्ये कुठेतरी हात टाकत असे. शेवटच्या दोन वेळा थेट सांध्यावर. कडेला उभ्या असलेल्या लोकांना अर्ध्या सेकंदाचा फरक कळत नाही. बाबांचे डोळे माझ्या हातावर असतात, कोनावर नाही. तसंच ते शिकवतात.

कॉलेजात एखाद्याने उत्तर आधी ठरवून मग आकडे लिहिले तर मी त्याचं अख्खं पान लाल रेघ मारून परत देते. आणि इथे पाच तुकड्या मी तेच करत होते. दर वेळी वाटायचं, या फेरीनंतर सांगू. मग बाबा हसायचे, आणि मी अंतरांच्या वहीत दीड मीटर लिहायचे.

नऊ वाजता तुकडी जमली. सहा जण. त्यात एक नर्स होती, रात्रपाळी करून थेट आलेली, आणि एक पार्सल पोचवणारा, ज्याचं याआधी दोनदा हाड मोडलं होतं. बाबा गाडीच्या पुढे उभे राहून बोलत होते.

"थांबायचं म्हटलं की पहिलं काम काय?"

"ब्रेक," पार्सलवाला म्हणाला.

"म्हणून मोडलं तुमचं हाड. पहिलं काम, रेसची मूठ सोडा. इंजीन स्वतःच गाडी ओढून धरतं. मग दोन्ही ब्रेक. पुढचा ब्रेक म्हणजे घरातला कर्ता आणि मागचा म्हणजे धाकटा दीर. सत्तर टक्के काम कर्ता करतो, दीर हातभार लावतो. घर दिरावर सोडलं तर फरफटत जातं."

"आमच्याकडे उलटं आहे, मास्तर," नर्स म्हणाली. "कर्ता झोपलेला असतो, धावपळ दीर करतो."

"मग तुमच्या घरात जास्त अंतर ठेवून बसत जा," बाबा म्हणाले. सगळे हसले. "आता हे बघा. ब्रेक आवळायचा नाही. लिंबू पिळतो तसा पिळायचा. आधी हलका, मग रस येईल तसा जोर. आवळलात तर चाक जाम होईल आणि तुम्ही भुईवर असाल. क्लच अगदी शेवटी. आणि नजर चाकाकडे नाही, लांब."

त्यांनी पुढच्या ब्रेकचा दांडा पिळून दाखवला. डाव्या हाताने. गाडीच्या समोर उभं राहिलं की तो दांडा डाव्या हाताशी येतो, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण पूर्वी बाबा गाडीवर बसून उजव्या हाताने दाखवत. समोर उभं राहायची पद्धत याच वर्षातली.

"आणि रेषेवर आज कोण उभं राहणार, सांगू?" त्यांनी शेडकडे पाहिलं. "आमची भिंगरी."

भिंगरी माझी मुलगी. लहानपणी घरभर गिरक्या घेत फिरायची म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव, आता एकोणीस वर्षांची झाली तरी सुटलेलं नाही. ती हजेरीचं रजिस्टर छातीशी धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

"काल हिने शाळेची गाडी पंधरा मीटर वीस सेंटिमीटरमध्ये थांबवली," बाबा तुकडीला सांगत होते. "स्वतः सोळात थांबता आलं की मगच रेषेवर उभं राहायचं, असा आमच्या घरचा नियम आहे. हिच्या आईलाही मी सूट दिली नव्हती."

मी उभ्या उभ्या हिशोब केला. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. हात पडल्यापासून ब्रेक लागेपर्यंत बाबांना आता जो वेळ लागतो त्यात गाडी आठ मीटर पुढे जाते. उरलेल्या आठ मीटरात, पुढच्या ब्रेकशिवाय, ती थांबत नाही. भिंगरी नियमाची पक्की आहे. तिने हात कोनापाशीच टाकला असता. मग गाडी रेषेवर पोचताना तिचा वेग ताशी पंचवीस असता. माणूस आणि गाडी मिळून दोनशे दहा किलो. भिंगरीची कंबर आणि गाडीचा दिवा एकाच उंचीवर येतात.

फेरी अकराला होती. मी घड्याळ पाहिलं. नऊ पंचवीस.

तुकडी सरावाला गेली तेव्हा बाबा शेडमध्ये होते. त्यांनी उजव्या हाताचा हातमोजा टेबलावर ठेवला होता आणि डाव्या हाताने एकेक बोट त्यात सरकवत होते. मला पाहून त्यांनी हात पाठीमागे नेला, मग परत पुढे आणला.

"बाबा, भिंगरी नको. मीच उभी राहते."

"का?"

"लहान आहे."

"तू एकोणिसाव्या वर्षी स्वतः हट्ट धरला होतास. आठवतंय? आईशी भांडली होतीस."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी? रेषा तीच, कोन तोच, मी तोच."

मला वाटलं, हाच क्षण. तोंड उघडायचं आणि सांगायचं. पण त्यांनी टेबलावरची माझी अंतरांची वही ओढून घेतली आणि शेवटचं पान उघडलं.

"तुला एक सांगतो. कुणाला बोलू नकोस," ते हळू म्हणाले. "या वयात माणसाला शंका येतात. मला पण येतात. सकाळी हात जड असतो, बोटं ऐकत नाहीत, वाटतं, संपलं आपलं. मग मी ही वही काढून बघतो. एक पन्नास. एक अठ्ठेचाळीस. एक पंचावन्न. तू मोजलेलं आहे, म्हणजे खोटं नाही. मग बरं वाटतं." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "जा, कोन लाव. तुझी ती टेप आण."

मी वही घेतली आणि बाहेर आले. मी त्यांना दिलेला आधार बिनतळाचा होता आणि ते त्यावर पूर्ण भार टाकून उभे होते.

मी कोन उचलला आणि तेवीस मीटरवर, डांबराच्या सांध्याला चिकटून ठेवला. आजचा दिवस निभावून नेऊ. उद्या सोमवार, मी सुट्टी काढेन, डॉक्टरकडे नेईन, घरी शांतपणे बसून सांगेन. असं म्हणत मी तिथून बाजूला झाले.

साडेदहाला बाबा अंगणात आले. रेषेपासून कोनाकडे पाहिलं. मग रेषेवर टाच टेकवून पावलं मोजत निघाले. त्यांचं पाऊल पंच्याहत्तर सेंटिमीटरचं आहे. सोळा मीटरला एकवीस पावलं आणि वर थोडं. एकविसाव्या पावलावर ते थांबले. कोन त्यांच्यापासून बराच पुढे होता.

"हे काय?" त्यांनी हाक मारून विचारलं.

"जमीन घसरडी वाटली. थोडं जास्त ठेवलं."

बाबा वाकले, तळवा काँक्रीटवर फिरवला आणि मला दाखवला. "कोरडी ठणठणीत आहे. टेप दे."

टेपचं एक टोक भिंगरीने रेषेवर धरलं, दुसरं बाबांनी. त्यांनी कोन स्वतः उचलून आणला आणि खडूने जमिनीवर फुली मारून तिच्यावर ठेवला. "सोळा," ते म्हणाले. "मोजणाऱ्या बाईकडून सात मीटरची चूक. मुलीच्या काळजीने आईचं गणित कच्चं होतं, बरं का," हे तुकडीला. पार्सलवाला मोठ्याने हसला. मिस्त्री हसला नाही. हातातलं फडकं घडी घालत तो माझ्याकडे बघत राहिला.

बाबा गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला निघाले. मी भिंगरीजवळ गेले. ती रेषेवर बुटांची टोकं जुळवत होती.

"भिंगरी, हात थोडा आधी टाक. तो डांबराचा सांधा दिसतोय ना? चाक तिथे आलं की लगेच."

"तो तेवीसवर आहे, आई."

"माहीत आहे."

"आजोबा म्हणाले कोनापाशी. आधी टाकला तर ती चीटिंग नाही का?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तूच म्हणतेस ना, आकड्याला हात लावायचा नाही. तुझ्या चेहऱ्याला काय झालंय?"

"काही नाही. बरं, मग एवढं ऐक. गाडी थांबत नाहीये असं वाटलं तर डावीकडे उडी मार."

"मग उभं कशाला राहायचं? बाजूला बसून लाह्या खाते की." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "आई, मी हलणार नाही. आजोबांचं नाक नाही कापणार मी. तू बाजूला हो ना, सगळे बघतायत."

मी बाजूला झाले.

आधी एक मोकळी फेरी असते. बाबा वेग दाखवायला रेषेच्या शेजारून सरळ निघून जातात, थांबत नाहीत. ते आले. गाडीचा आवाज एकसारखा होता, पाठ ताठ, कोपरं किंचित वाकलेली. माझ्या समोरून जाताना मी फक्त त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. नेहमी ब्रेकच्या दांड्यावर दोन बोटं टेकवून ठेवा, असं ते शिकवतात. त्यांची चारही बोटं मुठीभोवती गुंडाळलेली होती, एखादा माणूस जिन्याचा कठडा धरतो तशी.

अंगणाच्या कडेने वळसा घेऊन ते परत दुसऱ्या टोकाला गेले. रेषेपासून एकशेवीस मीटर. गाडी वळवली, उभी केली. दिवा दोनदा लावून विझवला. हा तयारीचा इशारा.

भिंगरीने हात वर केला.

नर्सने फोन काढून समोर धरला. मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ते कुठे जातंय हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या पावलाला कळलं. मी गाडीच्या वाटेच्या बरोबर मधून चालत होते.

"आई?" मागून भिंगरी.

मी कोन ओलांडला, सांधा ओलांडला. गाडी निघाली होती, सायकलच्या वेगाने. मला पाहून बाबांनी मूठ सोडली, गाडी रेंगाळत आली आणि त्यांनी पाय टेकवला. आम्ही रेषेपासून सत्तर-ऐंशी मीटरवर होतो. कुणाला आमचं बोलणं ऐकू जाणार नव्हतं. इंजीन चालूच होतं. त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"परत कोन हलवलास की काय?"

"नाही."

"मग हो बाजूला. पोरीचा हात दुखेल."

"बाबा, मी हात लवकर टाकत होते."

"कसला हात?"

"रेषेवरचा. कोनापाशी नाही. त्या सांध्यापाशी. गेल्या पाच तुकड्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सांध्याकडे पाहिलं, तिथून कोनाकडे, तिथून भिंगरीकडे. बाबा शाळेत फार शिकले नाहीत, पण वेग आणि अंतर यांचा हिशोब ते माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर करतात. तो ते करत होते, आणि तो संपेपर्यंत मी थांबले.

"सुरुवातीपासून सात मीटर?"

"नाही. पहिल्यांदा दोन. मग वाढवत नेलं."

"म्हणजे आता मला बावीस मीटर लागतात."

"साडेएकवीस."

"आणि वहीत दीड लिहिलंस."

"दीड खरं होतं. कुठून मोजलं ते लिहिलं नाही."

त्यांच्या जबड्याची हाडं हलली. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. "रेषेवर किती वेग असता?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस."

ते पुन्हा भिंगरीकडे बघायला लागले. तिचा हात अजून वर होता. इतक्या लांबून तो काडीसारखा दिसत होता.

"आधी करंगळीत मुंग्या यायच्या," ते म्हणाले. "मग शेजारच्या बोटात. आता चारही बोटांत जोर नाही. मूठ वळते, पण पिळता येत नाही. मिस्त्रीला वाटतं मला कळत नाही त्याला काय कळलंय ते. मी म्हणायचो, बोटं गेली तर गेली, गाडी थांबतेय ना. पोरगी मोजतेय. तू मला मूर्ख बनवलंस."

"हो."

"आठ महिने."

"हो, बाबा."

"का?"

"तुम्ही हसायचात. फेरी झाली की." याहून खरं कारण माझ्याकडे नव्हतं.

बाबांनी डाव्या हाताने काच खाली घेतली, पुन्हा वर केली. आवाज बदलला, तुकडीशी बोलताना असतो तसा मोकळा करायचा प्रयत्न त्यात होता. "मग असं करू. कोन तेवीसवर ठेव. लोकांना सांगतो, म्हाताऱ्याला सात मीटरची सवलत. हसतील, दुसरं काय. कोन हलवला की झालं."

"मुलांच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर कोन कोण हलवणार?"

त्या रस्त्याने ते रोज सकाळी इथे येतात. सव्वासातला, जेव्हा फाटकापाशी मुलं रिक्षांमधून उतरत असतात. तिथे हात वर करून कुणी उभं नसतं. मी एकदा त्यांच्यामागे रिक्षा घेऊन गेले होते. फाटकाच्या बऱ्याच आधीपासून त्यांच्या गाडीचा मागचा ब्रेकचा लाल दिवा लागलेला होता, आणि तरी एक मुलगा दप्तर सावरत पुढे आला तेव्हा त्यांनी गाडी कडेच्या मातीत घातली होती. हेही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"तू मागे होतीस?"

"हो."

"तो पोरगा अजून रोज दिसतो," ते म्हणाले. "निळं दप्तर." त्यांनी उजवा हात मुठीवरून काढला आणि मांडीवर ठेवला.

रेषेच्या कडेला तुकडीत चुळबुळ सुरू झाली होती. पार्सलवाला मान उंचावून बघत होता. मिस्त्री दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"एक फेरी," बाबा म्हणाले. "एवढी एकच. रेषेवर कुणी नको. भिंगरीला बाजूला कर, रिकाम्या रेषेवर थांबवतो. कुठेही थांबू दे, बावीसवर, तीसवर. चौतीस वर्षांत तुकडी फेरी न बघता गेली नाही. सहा माणसं बसली आहेत तिथे. नंतर तू म्हणशील ते."

मागणी फार नव्हती. अंगण रिकामं होतं, जमीन कोरडी होती, रेषेपुढे चाळीस मीटर मोकळी जागा होती. आकड्यांत त्याला विरोध करण्यासारखं काही नव्हतं. आठ महिने मीही स्वतःला हेच म्हणत आले होते, एवढी एक फेरी, आणि दर वेळी नंतरचा दिवस उजाडला की पुढची तुकडी सुरू झालेली असायची. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी हो म्हणेन अशी त्यांना खात्री होती. इतके दिवस मी म्हणतच आले होते.

मी हात पुढे करून गाडीची किल्ली फिरवली. इंजीन बंद झालं आणि अंगणात एकदम शांतता पसरली. त्यामुळे पुढचं वाक्य मला वाटलं त्याहून मोठ्याने निघालं, आणि रेषेपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं असावं.

"नाही, बाबा. उतरा. आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही."